फ्लॅट गहाण टाकून सिनेमा काढावा का?

ताई, नमस्कार.

सांगलीहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजात एकांकिका आणि दोन शॉर्ट फिल्म केल्यात, आणि आता त्याला थेट पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट काढायचाय. खर्च एक कोटीच्या आसपास. त्यातले निम्मे पैसे राहता फ्लॅट गहाण टाकून उभे करा, हा त्याचा हट्ट. ‘परेश मोकाशींनी घर गहाण टाकलंच ना?’ असं तो विचारतो, आणि तुम्ही लिहिता की त्याचं मन मोडवत नाही, पण रात्री झोपही लागत नाही.

आधी उत्तर देते. फ्लॅट गहाण टाकू नका. आणि मुलाला सिनेमापासून तोडूही नका.

मोकाशींचं उदाहरण खरं आहे. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या आपल्या पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी घर गहाण टाकलं होतं. ज्या दादासाहेब फाळक्यांवर तो चित्रपट आहे, त्यांनी तर विम्याची पॉलिसी आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही पणाला लावले. पण मोकाशी तोवर रंगभूमीवर नाटककार आणि दिग्दर्शक म्हणून नाव कमावून होते, २००९ मध्ये तो चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेला आणि प्रदर्शनाला यूटीव्हीसारखी कंपनी मिळाली. यातलं तुमच्या मुलाकडे आज काय आहे, ते त्याने स्वतःलाच विचारावं.

पैसे कुठून आणायचे ते त्याला सुचलंय. ते परत कसे येतात, हे त्याने अजून मांडून पाहिलेलं दिसत नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, एका संध्याकाळी वही घेऊन दोघं बसा. मल्टिप्लेक्सचं २३६ रुपयांचं तिकीट धरा. त्यातले ३६ रुपये जीएसटीचे. राहिले २००. मल्टिप्लेक्सवाले आणि हिंदी निर्माते यांच्यात २००९ च्या संपानंतर जी वाटणी ठरली, तिच्यात निर्मात्याच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, ३७.५ आणि चौथ्या आठवड्यापासून ३० टक्के येतात. तीच धरू. म्हणजे पहिल्या आठवड्यात हाती १००. वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं तर ८५. चित्रपटाचा एक कोटी आणि पब्लिसिटीचे ५० लाख, असे दीड कोटी नुसते सुटायला पावणेदोन लाखांहून जास्त तिकिटं खपायला हवीत, आणि तीसुद्धा सगळी पूर्ण दराने, पहिल्याच आठवड्यात. कर्जाचं व्याज आणि थिएटरमधल्या डिजिटल प्रक्षेपणासाठी भरावे लागणारे पैसे मी यात धरलेलेच नाहीत.

आणि पहिला आठवडा पूर्ण मिळेल याची तरी हमी कुठे आहे? नवख्या चित्रपटाला दिवसाला एखादा शो मिळतो, तोही सकाळी अकराचा किंवा दुपारचा, जेव्हा नोकरदार माणूस येऊच शकत नाही. शनिवार-रविवारी गर्दी दिसली नाही तर सोमवारी शो कमी होतात. पुढच्या शुक्रवारी मोठा हिंदी चित्रपट असेल तर उरलेलेही जातात. चांगले चित्रपट असे आठवडाभरात उतरताना पाहून मला फार वाईट वाटतं, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

‘शासनाचं अनुदान मिळेल,’ असंही त्याने सांगितलंय. योजना चांगली आहे. अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख ही रक्कम काही लहान नाही. पण तयार, सेन्सॉर झालेला चित्रपट समिती बघते आणि मग दर्जा ठरतो. शूटिंगच्या दिवशी लाइटवाल्याचे पैसे त्यातून देता येत नाहीत. ओटीटीचंही तसंच. करार हातात नसताना तो पैसा जमेत धरू नये.

मग घर गहाण न टाकता चित्रपट होतच नाहीत का? होतात. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये विवेक गोंबर यांनी निर्माता म्हणून पैसे घातले, रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत मिळाली, आणि २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाल्यावर पुढची दारं उघडली. रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ पटकथेच्या टप्प्यावरच व्हेनिस बिएनालेच्या कॉलेज सिनेमा या नवोदितांसाठीच्या उपक्रमात गेला होता. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला वर्ल्ड सिनेमा विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं आणि सप्टेंबरमध्ये राणा दग्गुबातींच्या स्पिरिट मीडियाने तो इथे थिएटरमध्ये आणला. या वाटेला वर्षं लागतात, नकार पचवावे लागतात. पण पटकथा आधी जाणकारांपुढे जाते आणि पैसा मागून येतो, त्यामुळे आईवडिलांच्या डोक्यावरचं छप्पर कुणी मागत नाही.

आता करिअरचं. मराठीत दिग्दर्शक व्हायला रांग लागलेली आहे. बजेट नीट बांधणारा, करार वाचता येणारा, कोणत्या गावात किती शो घ्यायचे ते समजणारा माणूस शोधावा लागतो. तुमच्या मुलाचं बी.कॉम. इथे कामाला येईल. त्याला दोन वर्षं प्रॉडक्शन अकाउंट्समध्ये किंवा वितरकाच्या ऑफिसात काढू द्या, पगार थोडा असला तरी. शिकायचंच असेल तर कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेत चित्रपटनिर्मितीचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याची प्रवेश परीक्षा द्यावी. नोव्हेंबरमध्ये गोव्यात इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार (२०२५ पासून ‘वेव्हज फिल्म बाजार’) भरतो, तिथे दिग्दर्शक आणि निर्माते भेटतात. शुल्क भरून नोंदणी करता येते. पटकथा विकायला नाही, पण निर्माते काय विचारतात ते ऐकायला त्याने एकदा जावंच.

आणि हे या महिन्यातच करता येईल: सांगलीतल्या एखाद्या थिएटरच्या मॅनेजरना भेटून, मराठी चित्रपटाचा डीसीआर, म्हणजे रोजच्या तिकीटविक्रीचा तक्ता, बघू द्याल का म्हणून विनंती करावी. शुक्रवार ते गुरुवार, कोणत्या शोला किती खुर्च्या भरल्या ते उतरवून घ्यावं. मग त्याच आकड्यांवर स्वतःच्या चित्रपटाचा हिशेब नव्याने मांडावा.

तुम्हाला काही द्यायचंच असेल तर तिसऱ्या शॉर्ट फिल्मसाठी, बुडाले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढेच पैसे द्या, आणि त्याच्याकडून पैशापैशाचा हिशेब घ्या. पुढचं पत्र मात्र त्यालाच लिहू द्या. पटकथेचा सारांश आणि तो डीसीआरचा हिशेब सोबत जोडला तर मी दोन्ही वाचून उत्तर देईन.