आधी घडव, मग दुरुस्तीला हात लाव

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

रंगीत काचेच्या जुन्या खिडक्या दुरुस्त करायला शिकायचे आहे आणि लवकरात लवकर एखाद्या चर्चच्या खिडकीवर काम करायला मिळावे, असे तू लिहिले आहेस. तुझी ही ओढ मला मनापासून आवडली. तरीही माझा आग्रह असा आहे की आधी एक लहान चौकट स्वतः घडव, तीही साध्या, न रंगवलेल्या काचेची. काचेचे तुकडे ज्या शिशाच्या पट्टीत बसतात तिचा छेद एच अक्षरासारखा असतो. पूर्ण मापाचे चित्र काढताना दोन तुकड्यांमध्ये या पट्टीच्या मधल्या भागाच्या जाडीएवढी जागा सोडावी लागते. ती सोडली नाही तर दर सांध्याला थोडेथोडे माप वाढत जाते आणि शेवटी चौकट खिडकीत बसतच नाही. काच कापताना हाताचा दाब एकसारखा ठेवणे, सांध्यावर कथील-शिशाचा डाग (सोल्डर) सपाट देणे, जवसाचे तेल आणि खडूची पूड यांची लांबी (म्हणजे पुट्टी) पट्टीच्या कडेखाली ब्रशने दाबून भरणे, ही कामे हातात बसल्याशिवाय जुन्या खिडकीचे नेमके काय बिघडले आहे हे कळत नाही.

त्यानंतर काचेवरचे रंगकाम शीक. निळा, लाल, हिरवा हे रंग बहुधा काचेतच असतात, पण चेहऱ्याचे डोळे, वस्त्रांच्या घड्या, अक्षरे यांच्या गडद रेषा धातूचे ऑक्साइड आणि काचेची पूड यांच्या मिश्रणाने काढून साधारण 600 ते 650 अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेल्या असतात. चांदीच्या संयुगाचा लेप देऊन भाजल्यावर उतरणारा पिवळा रंग चौदाव्या शतकापासून युरोपात वापरात आहे.

मुंबईत काम करायचे असेल तर या रेषांकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. कुलाब्याचे अफगाण चर्च 1858 मधले, राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झालेला. म्हणजे या शहरातील अशा वास्तूंच्या कितीतरी खिडक्या व्हिक्टोरियन काळातल्या आहेत. त्या काळात इंग्लंडमधील काही कार्यशाळांनी रंग कमी तापमानाला वितळावा म्हणून त्यात टाकणखार मिसळला होता. असा रंग काचेशी पक्का एकजीव होत नाही आणि वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने सुटू लागतो. अशा काचेवरचा मळ आणि रंग पहिल्या नजरेला सारखेच काळपट दिसतात. म्हणून आधी मागून उजेड घेऊन पाहा, मग समोरून टॉर्च तिरका धरून भिंगातून पाहा: सुटू लागलेल्या रंगाच्या कडा किंचित उचललेल्या दिसतात. रंग घट्ट असल्याची खात्री पटली तरच शुद्ध पाण्याने जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा कोपऱ्यातल्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या जागी न घासता अलगद फिरव. त्यावर तपकिरी कण दिसले तर तिथेच थांब. धुतलेला चेहरा परत येत नाही. नव्याने रंगवला तर तो तुझा होतो, मूळ चित्रकाराचा राहत नाही.

खिडकी फुगलेली दिसली की सगळे शिसे बदलून टाकण्याची घाई अनेकांना होते, आणि ती मला मुळीच मान्य नाही. चांगले शिसे शंभर वर्षे सहज टिकते. पश्चिमेच्या उन्हाने आणि स्वतःच्या वजनाने ते हळूहळू वाकते हे खरे, पण बऱ्याचदा दोष असतो तो खिडकीला आडव्या सळईशी बांधून ठेवणाऱ्या तांब्याच्या तारांचा; त्या तुटलेल्या असतात. पावसाळी वाऱ्याचा दाब पेलायला काही जागी त्या पुन्हा बांधणे एवढेच पुरते. लोखंडी सळई गंजून फुगली असेल तर मात्र आधी तिचा बंदोबस्त कर, नाहीतर ती शेजारचा दगड आणि काच दोन्ही फोडते.

तडकलेला तुकडा शक्य तोवर टाकू नकोस. पूर्वी तड्यावरून आणखी एक शिशाची पट्टी फिरवत, त्यामुळे एखाद्या संताच्या गालावरून काळी रेघ जाई. आता तड्याच्या कडा योग्य इपॉक्सीने जोडता येतात किंवा तांब्याच्या पातळ फितीने सांधता येतात. इपॉक्सी उन्हात पिवळी पडते, म्हणून ती निवडताना जागेवर ऊन किती येते ते पाहा. नवा तुकडा घालावाच लागला तर त्याच्या कडेला वर्ष बारीक कोरून ठेव, म्हणजे पुढच्या कारागिराला जुने कुठले आणि नवे कुठले हे ओळखता येईल.

शिशाचे काम करताना कामाच्या जागी काही खाऊ-पिऊ नकोस, धूळ कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पूस, आणि रक्तातील शिशाची तपासणी ठरावीक काळाने करून घे. यात कधीही हयगय करू नकोस.

चौकट झाली की तिचे दोन फोटो पाठव, एक मागून उजेड घेऊन आणि एक समोरून. शिवाय पट्ट्यांवर कागद ठेवून मेणखडूने घासून घेतलेला ठसाही पाठव. खिडकी उतरवण्याआधी याच तीन नोंदी तुला कराव्या लागणार आहेत.

तुझा शुभचिंतक