देशात दुधाचा महापूर, गोठ्यात बाटल्यांची रांग

दिवाळीनंतर पारोळा, यावल, शिरपूर, शहादा या भागांतून दुधाबद्दल बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो.

प्रश्न : देशात दूध दरवर्षी वाढतंय असं पेपरात येतं. मग गायीच्या दुधाचा दर का पडतो?

पेपरातलं खरं आहे. १९५०-५१ मध्ये देशात १ कोटी ७० लाख टन दूध होतं, माणशी रोज १३० ग्रॅमच्या आसपास. १९७० मध्ये डॉ. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने 'दुधाचा महापूर' योजना सुरू झाली. २०२३-२४ मध्ये आकडा गेला २३ कोटी ९३ लाख टनांवर, माणशी ४७१ ग्रॅम. वाढीचा वेग मात्र उतरलाय. २०१८-१९ मध्ये दूध ६ टक्क्यांहून जास्त वाढलं होतं, आता वाढ ४ टक्क्यांच्या आत आहे. यातलं निम्म्याच्या आसपास दूध डेअरीपर्यंत येतच नाही, घरात आणि गावातच संपतं. उरलेल्यावर दराचा खेळ चालतो.

आपल्या राज्यात गायीचं जादा दूध पावडरीला जातं. थंडीत दूध वाढतं, पावडर आणि लोणी साठतं, पावडरीचा भाव उतरला की संकलन केंद्रावरचा दराचा फलक बदलायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात उलट होतं. भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, संकरित गाय धापा टाकते, चारा वाळतो, दूध आटतं आणि तेव्हाच डेअरीला दूध हवं असतं. म्हणून जानेवारीत दोन लिटर वाढवायला टॉनिकच्या बाटल्यांवर पैसा घालू नका. तो पैसा मे महिन्याच्या चाऱ्यावर घाला.

प्रश्न : गाय पंधरा दिवसांत व्यायची आहे. दुकानदाराने आत्तापासून रोज १०० मिली कॅल्शियम पाजायला सांगितलं. पाजू का?

नाही. पाजू नका. या एका सल्ल्याने जेवढ्या गायी व्यायल्यावर बसलेल्या मी पाहिल्या, तेवढ्या दुसऱ्या कशाने नाही.

कारण समजून घ्या. व्यायल्याबरोबर चिकात आणि दुधात भरपूर कॅल्शियम जातं. ते गायीला स्वतःच्या हाडांतून काढावं लागतं. व्यायच्या आधी तीन आठवडे तुम्ही बाहेरून कॅल्शियम ओतत राहिलात, तर हाडांतून काढायची ती सवयच झोपते. व्यायल्यावर गरज एकदम वाढते, रक्तातलं कॅल्शियम खाली येतं आणि गाय बसते. याला दुधाचा ज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग थंड पडतं.

गेल्या वर्षी यावल तालुक्यातल्या एका गोठ्यात गेलो होतो. व्यायलेली गाय छातीवर बसलेली, मान वळवून कुशीला लावलेली, कान हाताला गार. भिंतीतल्या फळीवर सात बाटल्या : तीन कॅल्शियमच्या, दोन लिव्हर टॉनिकच्या, एक दूध वाढवायची, एकीचं लेबलच गळून गेलेलं. मालक म्हणाला, "आते काय करानं, साहेब?" आणि हातात आठवी बाटली, पाजायला काढलेली. ती मी आधी काढून घेतली. बसलेल्या जनावराच्या तोंडात काही ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. कॅल्शियम शिरेतूनच द्यावं लागतं आणि तेही सावकाश. भराभर सोडलं तर काळीज बंद पडतं. ते काम पशुवैद्यकाचं, दुकानदाराच्या पोराचं नाही. त्या दिवशी डॉक्टर वेळेत पोचले आणि गाय उठली. प्रत्येक वेळी असं होत नाही.

मग करायचं काय? व्यायच्या आधी दोन महिने गाय आटवा, म्हणजे धार काढणं बंद करा. शेवटचे तीन आठवडे लसूणघास बंद, कारण त्यातही कॅल्शियम भरपूर असतं. दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा आणि मका द्या, खुराक हळूहळू वाढवा. त्या काळात खनिज मिश्रण कोणतं द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. व्यायल्यावर रोज ५० ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण खुराकातून सुरू करा. बाटलीची चैन लागत नाही.

पुन्हा सांगतो, व्यायच्या आधी कॅल्शियम नाही. दुकानदार "मोठ्या गोठ्यांवर चालतं" म्हणाला तरी नाही.

प्रश्न : म्हैस पान्हा चोरते, दूध सोडत नाही. इंजेक्शन मारू का?

नाही. पान्हा सोडवायचं ते इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणंच बेकायदा आहे, आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही दूध वाढवायला अशी टोचणी करू देत नाही. रोज टोचलेल्या म्हशीला पुढे टोचल्याशिवाय पान्हाच सुटत नाही. पारडू आधी लावा, कास कोमट पाण्याने धुवा, वेळ आणि माणूस बदलू नका.

प्रश्न : दुधाला फॅट लागत नाही, दुकानदार पावडर देतो. घालू का?

आधी गव्हाणीत बघा. यावल-रावेरकडे केळीच्या खांबांवर पोट भरतात. खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, जनावर भरल्यासारखं दिसतं आणि उपाशी राहतं. कडबा वाढवा. शेवटची धार पूर्ण काढा, फॅट त्याच धारेत जास्त असतं. कासदाहाचं (कास सुजण्याच्या रोगाचं) औषध चालू असेल तर लेबलवर लिहिलेले दिवस दूध डेअरीला घालू नका आणि वासरालाही पाजू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात हिरवा चारा कुठून आणू?

हाच प्रश्न ऑक्टोबरमध्ये विचारला असता तर बरं झालं असतं. अजून वेळ गेलेली नाही. मुरघास करा, म्हणजे हिरवा चारा कापून हवाबंद मुरवून ठेवा. मी प्रत्येक बैठकीत हेच सांगतो आणि लोक हसतात, हसू द्या.

रब्बीचा मका उभा असेल त्यांनी दिवस मोजू नयेत, थंडीत मका रेंगाळतो. कणीस सोलून दाणा नखाने दाबा. अर्धा दाणा दुधाळ आणि अर्धा घट्ट असेल तेव्हा कापा. फार कोवळा कापला तर पाणी सुटून मुरघास सडतो, फार वाळवला तर दाबला जात नाही आणि बुरशी धरते. कुट्टी अर्धा ते एक इंच. खड्डा असो की बॅग, थर टाकायचा आणि तुडवायचा, पुन्हा थर, पुन्हा तुडवायचा. हवा राहिली की बुरशी आलीच. तोंड बंद करून ४५ दिवस हात लावायचा नाही. पाच जनावरांना रोज १५ किलोप्रमाणे शंभर दिवसांना साडेसात टन लागतो. अर्ध्या एकराचा चांगला मका पुरतो.

दुकानदार इथेही येईल, कल्चरचं (चारा मुरवायच्या जिवाणूंचं) पाकीट आणि युरिया घेऊन. मक्याला दोन्हींची गरज नाही, त्याची साखर त्याला पुरते. लष्करी अळीसाठी फवारायला लावेल. फवारायचंच असेल तर लेबलवरचा कापणीपूर्वीचा अवधी पाळा. तो संपायच्या आत कापलेला चारा विष म्हणून गायीत जातो आणि दुधात उतरतो. "थोडंसं जास्त टाका, अळी लवकर मरेल" हे तर अजिबात ऐकू नका.

युरिया प्रक्रिया वाळक्या काडाला असते : १०० किलोला ४ किलो, पाण्यात विरघळवून, २१ दिवस झाकून. चाराचं सहा केलं तर जनावर फुगून मरू शकतं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला ते काड देऊच नका.

योजना : पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्ड मिळतं, बँकेत विचारा. २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे अनुदान आलं तेव्हा कानात बिल्ला नसलेल्यांचे अर्ज अडकले, म्हणून बिल्ला मारून घ्या. लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचून घ्या. लम्पी म्हणजे अंगावर गाठी येणारा रोग. २०२२ च्या साथीत राज्यातली त्याची पहिली नोंद ऑगस्टमध्ये आपल्याच रावेर तालुक्यात चिनावलला झाली होती, त्यामुळे लम्पीची लसही चुकवू नका. जनावर अडलं तर १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : मुरघास उघडला तर वास येतो. फेकू का?

आंबटगोड वास आणि पिवळसर हिरवा रंग असेल तर उत्तम. काळा किंवा बुरशीचा थर तेवढा काढून फेका, आतला चांगला वापरा. पहिल्या दिवशी पाच किलोच, मग आठवडाभरात वाढवा. आणि धार काढल्यावर घाला, आधी घातलात तर वास दुधाला लागतो आणि केंद्रावर दूध परत येतं.