चॉकलेटचा डबा अन् भावाची पिकअप

प्रश्न : नमस्कार वकीलसाहेब, आमचं गाव दिग्रस तालुक्यात हाय. लहान भाऊ पिकअप चालवते, भाजीपाला घेऊन नागपूरले जाते अन् येताना मिळालं ते पार्सल आणते. तिथला एक पोरगा त्याले चॉकलेटचा डबा देते, यवतमाळले पोचवला का हजार रुपये. दोन किलोच्या डब्याले हजार रुपये भाडं कोण देते बाप्पा? खोदून विचारलं तवा म्हणे त्यात चरस हाय, पण थोडीशीच, ओढाची नाही खाची वस्तू हाय म्हणून केस होत नाही. खरं काय?

उत्तर : भाऊ, केस होते आणि चांगलीच होते. 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात चरस-गांजा मिसळून केलेला मालही येतो, ओढायचा का खायचा असा फरक तिथं नाहीच. 2021 मधे मुंबईत मालाडच्या एका बेकरीवर एनसीबीनं, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ विभागानं, धाड टाकली ती गांजा घातलेल्या ब्राउनी केकसाठीच.

आता ते "थोडीशीच" बघा. 2020 मधे सुप्रीम कोर्टानं हिरासिंग प्रकरणात सांगितलं की मिसळलेल्या मालात नुसती नशेची वस्तू मोजायची नाही, सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे चरस चार ग्रॅम असो का चाळीस, सरकारी वकील दोन किलोच म्हणणार, साखर-कोको सगळं धरून. आणि चरस 1 किलोच्या वर गेली की ती व्यावसायिक मात्रा, शिक्षा 10 ते 20 वर्षं सक्तमजुरी, दंड 1 ते 2 लाख, आणि कलम 37 मुळे जामीन मिळता मिळत नाही. तेच गांजाचं निघालं तर व्यावसायिकची हद्द 20 किलो, मग दोन किलोला 10 वर्षांपर्यंत आणि 1 लाखापर्यंत दंड. नेमकं काय आहे ते फॉरेन्सिक लॅबचा रिपोर्ट सांगणार, तोवर तुमचा भाऊ आत.

"मी फक्त ड्रायव्हर, मला काय माहीत" हे कोर्टात सगळेच म्हणतात. माल ताब्यात सापडला की कलम 35 आणि 54 प्रमाणे माहीत होतं असंच गृहीत धरतात, नव्हतं हे आपण सिद्ध करायचं. तुमच्या भावाला तर माहीतच आहे, आणि मोबाईलमधे भाड्याचे मेसेज असतीलच. झडतीला गॅझेटेड ऑफिसर नव्हता म्हणजे केस उडते असंही चावडीवर कोणी ना कोणी सांगतो, पण ते कलम 50 अंगझडतीपुरतं, गाडीतल्या डब्याला लागत नाही.

गाडीही जप्त होते. मालकाला माहीत नव्हतं आणि त्यानं काळजी घेतली होती हे सिद्ध झालं तर वाचते, इथं मालक तोच असेल तर काय सिद्ध करणार? केस चालू असताना सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा हमीवर, मागता येते, 2025 मधे सुप्रीम कोर्टानं तसं म्हटलंय, पण देणं न देणं कोर्टाच्या हातात आणि फायनान्सचा हप्ता थांबत नाही.

तेव्हा पुढचा डबा घेऊ नका. आधी नेलेल्याचं काय करायचं ते फौजदारी वकिलाला समोर बसून सांगा, फी परवडत नसेल तर यवतमाळच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. मेसेज डिलीट करू नका, आणि त्या नागपूरच्या पोराला फोनवर धमक्या देत बसू नका, उद्या तेच रेकॉर्डिंग पुढं येईल.

प्रश्न : मग पानठेल्यावर भांगेच्या मुनक्का गोळ्या उघड विकतात त्या कशा चालतात?

उत्तर : एनडीपीएसमधल्या गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुला-फळांचे शेंडे येतात, शेंड्याशिवायची नुसती पानं येत नाहीत, म्हणून पानांची भांग त्या कायद्यातून सुटते. पण आपल्याकडं दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय भांग विकली तर तो लागतो. काही गोळ्यांवर आयुर्वेदिक औषधाचा परवाना नंबर असतो, तो बनवणाऱ्याचा, ठेलेवाल्याचा नाही. आणि लॅबमधे गोळीत शेंडे निघाले तर परत एनडीपीएसच.