नेदरलँड्सला पीएचडीला यायलास ना, मग आधी पाणी काढायला शिक

नांदेडला ऑरगॅनिक केमिस्ट्रीतून एमएस्सी झाली, फांद्यावाल्या बायोडिग्रेडेबल पॉलिमरचे (लांब साखळीच्या रेणूंचे) नॅनोपार्टिकल म्हणजे अतिसूक्ष्म कण करायला पीएचडी मिळाली, निघायच्या आधी काय शिकू म्हणून विचारलंस. पैशाचं टेन्शन घेऊ नको, इथं पीएचडी म्हणजे नोकरीच असते, 4 वर्षांचा करार अन् महिन्याला पगार. फक्त जन्मदाखला इंग्रजीत काढून अपॉस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून आण, इथल्या नगरपालिकेत नाव नोंदवताना मागतात, मी विसरलो होतो तर लातूरहून मागवण्यात दोन महिने गेले. कुकर इंडक्शनवर चालणारा घे.

आता खरं काम, पाणी काढणं म्हणजे रसायनांतला अन् भांड्यातला ओलावा पार घालवणं. पेंटाएरिथ्रिटॉल या छोट्या रेणूला चार ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची टोकं) असतात, त्या प्रत्येकावरून लॅक्टाइडची साखळी वाढवायची, टिन ऑक्टोएट हा उत्प्रेरक टाकून 120-130 डिग्रीला, की झालं चार हाताचं पॉलिमर. कागदावर सोपंय. पण ओएच पाण्यालाबी असतो, अन् साखळी तिथूनबी सुरू होते! हिशोब करून बघ, 20,000 रेणुभाराचं पॉलिमर पायजे तर 10 ग्रॅम लॅक्टाइडला पेंटाएरिथ्रिटॉल लागतं फक्त 68 मिलीग्रॅम, आणि त्यात 9 मिलीग्रॅम पाणी राहिलं की जेवढे पेंटाएरिथ्रिटॉलचे तेवढेच पाण्याचे रेणू झाले, म्हणजे मोजून निम्मे रेणू बिनफांद्याचे. माझी पहिली बॅच अशीच गेली, जीपीसीच्या (रेणूंचं वजन बघायची चाचणी) आलेखाला कमी वजनाकडं कुबड आलं, तरी मी तसाच पुढं जाऊन टोकांना पीईजी हे पाण्यात विरघळणारं पॉलिमर जोडलं, मग डीएलएसला (कणांचा आकार मोजायची चाचणी) एकाच्या जागी दोन शिखरं, महिना वाया.

आई फोनवर विचारायली काय काम करतोस, म्हणलं पाणी काढतो. 2016 ला आपल्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं अन् तू काढायलास व्हय, म्हणली.

पार्टिकल करणं त्यामानानं सोपं, पॉलिमर ॲसिटोनमध्ये विरघळव आणि ढवळत्या पाण्यात थेंबथेंब सोड, पाण्यात न विरघळणारा लॅक्टाइडचा भाग आत गोळा होतो, पीईजी बाहेर राहतं, पाण्याला निळसर झाक आली की समज कण झाले. ते इथं आठवड्यात शिकशील. पण लॅक्टाइड टोल्युइनमधून दोनदा रीक्रिस्टलाइज करणं (विरघळवून परत स्फटिक काढणं), व्हॅक्यूम लाइन, कोरड्या नायट्रोजनखाली काम करणं, हे सगळं तिथंच हातात बसवून ये, डिपार्टमेंटचा पंप चालू असला तर उद्यापासूनच. आणि फ्लास्क ओव्हनमधून काढला की गरम असतानाच व्हॅक्यूमला लाव, थंड व्हायची वाट बघत बसलास तर तेवढ्यात काचेवर पाणी बसतंय.