बुद्ध्यांक १८७ : धरायचा की सोडायचा?

प्रश्न : माझी पुतणी आठ वर्षांची आहे. मोबाइलवरच्या चाचणीत तिचा बुद्ध्यांक १८७ निघाला. गावात सत्काराचं चाललंय. हा आकडा खरा मानावा का?
– एक वाचक, घाटंजी (जि. यवतमाळ)

उत्तर : पुतणी हुशार असेलच, पण आकडा धरून बसू नका. हल्लीच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५ असतं. त्या हिशेबानं १३० च्या वर ४४ जणांत एक, १६० च्या वर साधारण ३१ हजारांत एक, आणि १८७ च्या वर ३० कोटींत एक. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या विदर्भाची लोकसंख्या २ कोटी ३० लाख होती.

खरी अडचण मोजणीचीच आहे. वेक्सलरच्या मुलांसाठीच्या चाचणीची पाचवी आवृत्ती अमेरिकेत २,२०० मुलांवर प्रमाणित केली, म्हणजे त्यांच्या गुणांवरून तुलनेची कोष्टकं ठरवली. एका वयाची २०० मुलं. दोनशेंत १३० च्या वरची चार-पाच सापडतात, १४५ च्या वरचं एकही सापडेल याची खात्री नाही. मग १८७ ची खूण कुणाला पाहून लावायची? म्हणून तिची नेहमीची कोष्टकं १६० ला थांबतात.

तरी १८७ येतो, तो बहुधा जुन्या सूत्रातून : मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले १००. आठ वर्षांच्या पोरीनं पंधरा वर्षांच्या मुलांइतकं सोडवलं की झाले १८७.५. आपल्याकडच्या बिने-कामत बुद्धिमत्ता चाचणीत हेच सूत्र आहे; तो आकडा वरच्या हिशेबात बसवता येत नाही. काही चाचण्या प्रमाण विचलन २४ धरतात. तिथला १८७ म्हणजे १५ च्या पट्टीवर १५४. ॲपनं यातलं काहीच सांगितलं नसेल, तर तो आकडा निरर्थक आहे.

सत्कार कृपा करून थांबवा. पुढच्या नीट चाचणीत १३२ आले, जे उत्तमच आहेत, तरी पोरीला आपण उतरलो असं वाटेल.

तपासायचंच असेल तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे न्या. झोप पूर्ण झालेली हवी, चष्मा असेल तर सोबत हवा. घरी गोंडी किंवा कोलामी बोलत असाल तर आधीच सांगा, नाहीतर शब्दांच्या भागात गुण विनाकारण घसरतात. अहवालात चाचणीचं नाव, प्रमाणकांचं (तुलनेच्या कोष्टकांचं) वर्ष आणि एका आकड्याऐवजी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशी कक्षा मागा. वर्ष महत्त्वाचं, कारण जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलांचे आकडे फुगतात. उदाहरणार्थ, नागपुरात तयार झालेली मालिन यांची मुलांसाठीची बुद्धिमत्ता चाचणी १९६९ ची आहे. कुठलीही एकच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा देऊ नका, सरावानं गुण वाढतात.