‘टाइम’ म्हणायच्या आधी

इंदूर,
रविवार

प्रिय बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा काल रात्रीचा व्हॉइस मेसेज आज सकाळी पोहे खाता खाता ऐकला. सहा मिनिटांचा मेसेज, आणि त्यातली चार मिनिटं तू दोन्ही कोचांच्या नकला केल्या आहेस. नकला झकास. कालच्या बेसबॉल मॅचमध्ये अंपायर म्हणून दिलेला निर्णय मात्र चुकला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र तुला निवांत वाचता येईल. मेसेजला मेसेजने उत्तर दिलं असतं तर तू ते स्कूटीवर हेल्मेटच्या आत ऐकलं असतंस, म्हणून कागद घेऊन बसलोय.

प्रसंग मला समजला तो असा. एक आऊट, पहिल्या बेसवर रनर. पिचरने चेंडू टाकला आणि रनर दुसरा बेस चोरायला, म्हणजे स्टील करायला, पळाला. बॅटरने जीव खाऊन बॅट फिरवली, चेंडू लागला नाही, तोल गेला आणि पोरगा अडखळत आपल्या बॉक्समधून, म्हणजे उभं राहायच्या आखलेल्या चौकटीतून, थेट होम प्लेटवर. मागे बसलेल्या कॅचरने दुसऱ्या बेसकडे थ्रोसाठी हात मागे नेला तर समोर हे ध्यान. थ्रो भरकटला, सेंटरफिल्डला गेला, रनर तिसऱ्या बेसवर जाऊन कंबरेवर हात ठेवून उभा. तू तीन-चार सेकंद गप्प. मग दोन्हीकडून आरडाओरडा झाल्यावर तू रनरला आऊट दिलंस आणि बॅटरला खेळत ठेवलंस.

इंटरफिअरन्स, म्हणजे खेळात अडथळा, होताच, त्यात वाद नाही. पण आऊट चुकीच्या पोराच्या नावावर गेलं. बॅटर आऊट, रनर पिच टाकताना जिथे होता तिथे, म्हणजे परत पहिल्या बेसवर. एवढंच होतं ते. (तो दुसरा स्ट्राइक होता हे तू सांगितलंस ते बरं केलंस. तिसरा असता तर बॅटर तसाच आऊट, मग गोष्ट वेगळी. त्यावर पुढे येतो.)

तू गप्प का राहिलीस, याचं कारण तुझ्याच तोंडून ऐकलं: “सर, त्याने मुद्दाम नव्हतं ना केलं.” इथे तुझ्यातलं क्रिकेट बोललं. त्यात तुझा काय दोष? आपल्या इंदुरात अंपायर म्हटलं की लोकांना क्रिकेटचाच अंपायर दिसतो. होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकलेलं हे गाव, आणि 2020 मध्ये आयसीसीच्या एलिट पॅनेलवर गेलेले नितीन मेनन इथलेच. मीही आधी क्रिकेटच्याच मॅचला उभा राहायचो, चिमनबागेत, दर रविवारी. आणि क्रिकेटच्या सदतिसाव्या नियमात क्षेत्ररक्षणात अडथळा म्हणजे जाणूनबुजून केलेला अडथळा. 1951 मध्ये ओव्हलवर लेन हटन असाच गेला. उडालेला चेंडू यष्ट्यांवर पडेल या भीतीने त्याने पुन्हा बॅट फिरवली आणि यष्टिरक्षकाचा झेल हुकला. त्याला यष्ट्या वाचवायच्या होत्या, यष्टिरक्षकाशी त्याचं काही वाकडं नव्हतं. पण बॅट त्याने आपणहून फिरवली होती.

बेसबॉलमध्ये बॅटरच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचाच नाही. तो बॉक्सच्या बाहेर आला का, किंवा आत राहून काही वेगळी हालचाल केली का? आणि त्यामुळे कॅचरची अडचण झाली का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर संपलं. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीत राजवाड्यासमोर तुला कोणाचा धक्का लागला तर त्याच्या मनात काय होतं हे तू शोधत बसतेस का? तुझी वाट अडली, एवढं खरं. पोराचा तोल गेला, त्याच्या मनात पाप नव्हतं, सगळं मान्य. कॅचरची वाट मात्र अडली.

मुद्दाम की चुकून हा प्रश्न एका ठिकाणी कामाला येतो. बॅट पूर्ण फिरून मागे जाते आणि कॅचरला किंवा त्याच्या हातातल्या चेंडूला नकळत लागते, तेव्हा. बॅटर बॉक्समध्येच आहे, फक्त बॅट फार मागे आली. तिथे नुसता स्ट्राइक द्यायचा, चेंडू डेड, म्हणजे खेळ थांबलेला, रनर जागच्या जागी. बॅटर आऊट नाही. अमेरिकेतल्या हायस्कूलचं नियमपुस्तक याच ठिकाणी जास्त कडक आहे, त्यांच्याकडे अशा फॉलो-थ्रूवरही बॅटर जाऊ शकतो. तू यूट्यूबवरून शिकतेस म्हणून सांगतो, व्हिडिओ कोणत्या पुस्तकाचा आहे ते आधी बघ, आणि मॅचच्या आधी आपल्या स्पर्धेत कोणतं पुस्तक चालतं ते आयोजकांना विचारून घे. विचारण्यात कमीपणा नाही. मी तीस वर्षांनंतरही विचारतो.

आता त्या तीन-चार सेकंदांबद्दल. तुला वाटतंय, मी थांबले हीच चूक. अगं, थांबलीस ते उत्तम केलंस. फक्त मुक्याने थांबलीस. बॅटरकडे बोट दाखवून मोठ्याने “इंटरफिअरन्स!” म्हणायचं आणि खेळ चालू ठेवायचा. हात वर करून “टाइम”, म्हणजे खेळ थांबवा, असं अजून म्हणायचं नाही. आधी थ्रोचं काय होतं ते बघायचं. कॅचरच्या त्या पहिल्याच थ्रोवर रनर आऊट झाला, तर इंटरफिअरन्स झालंच नाही असं धरायचं: रनर गेला, बॅटर खेळत राहिला. तसं झालं नाही, थ्रो वाया गेला किंवा रनर दोन बेसच्या मध्ये सापडून पळापळ सुरू झाली, की मग “टाइम”, बॅटर आऊट, सगळे आपापल्या बेसवर परत.

हे मी कसं शिकलो ते ऐक. आंतरशालेय मॅच होती, कोणत्या शाळा ते राहू दे. बॅटर प्लेटवर आला आणि मी उत्साहात एका दमात “इंटरफिअरन्स, टाइम!” ओरडलो. कॅचर पोरगा जिद्दीचा. त्याने बॅटरच्या बगलेखालून चेंडू असा फेकला की दुसऱ्या बेसवर रनर चार हात आधी टॅग झाला. सुंदर थ्रो. आणि मी तो आधीच मारून टाकलेला, कारण चेंडू डेड. बॅटर आऊट दिला, रनर परत पहिल्यावर. बॅटर त्या संघाचा सगळ्यात कच्चा, रनर सगळ्यात चपळ. पुढच्याच पिचला त्याने पुन्हा दुसरा बेस चोरला, आणि त्यानंतरच्या हिटवर रन. कॅचर मला काही बोलला नाही. मास्क काढून नुसता बघत राहिला. ते बघणं माझ्या अजून लक्षात आहे, स्कोअर विसरलो.

तू जो निर्णय दिलास, रनर आऊट, तो हवेतून आला नाही हेही मला कळलं. तो दुसऱ्या प्रसंगाचा आहे. रनर तिसऱ्या बेसवरून घराकडे, म्हणजे होम प्लेटकडे, पळत असेल, दोनपेक्षा कमी आऊट असतील आणि होम प्लेटवरच्या खेळात बॅटरने अडथळा आणला, तर रनर आऊट. दोन आऊट असतील तर मात्र बॅटर आऊट आणि रन धरायची नाही. पोरं हे पाठ करतात आणि मॅचमध्ये उलटंपालटं करतात. मी कारण लक्षात ठेवतो, म्हणजे पाठांतर लागत नाही. घरापाशी आलेला रनर ही बॅटिंग करणाऱ्यांची सगळ्यात मोठी ठेव. बॅटरने स्वतःचा बळी देऊन तो वाचवावा असा सौदा नियमाला चालत नाही, म्हणून ठेवच जप्त. पण दोन आऊट असताना रनरला दिलं, तर इनिंग संपते आणि तोच बॅटर पुढच्या इनिंगला पहिला ताजातवाना येतो. म्हणून तिथे बॅटर. हे कारण माझं मला पटलेलं आहे.

तिसऱ्या स्ट्राइकचंही तसंच. बॅटर स्ट्राइकआऊट झाला आणि त्याच दमात प्लेटवर येऊन कॅचरचा थ्रो अडवला. तो तर आधीच आऊट, एका माणसाला दोनदा कसं मारणार? मग ज्याच्यावर खेळ चालू होता तो रनर आऊट. एका चेंडूवर दोन आऊट बघून पालक खुर्चीवरून उठतात. उठू दे.

लहान गटात खरी डोकेदुखी स्टीलची नसते. चेंडू कॅचरच्या मागे जातो तिथे ती सुरू होते. आपल्याकडे बॅकस्टॉप म्हणजे कुठे बॅडमिंटनची जाळी, कुठे शाळेची भिंत. तिसऱ्यावरचा रनर सुटतो, पिचर प्लेट सांभाळायला धावत येतो, कॅचर मागून चेंडू फेकतो आणि या सगळ्यांच्या मधोमध आपला दहा वर्षांचा बॅटर तोंड उघडं टाकून उभा. बॉक्समध्येच आहे बिचारा. कोच ओरडतो, “अरे भिया, बच्चा तो अपनी जगह पे खड़ा है!” आता बघ. बॉक्स म्हणजे काही देवळाचा गाभारा नाही, की आत असेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पण चेंडू टाकल्या टाकल्या एका क्षणात पोराने अदृश्य व्हावं अशीही अपेक्षा नाही. मी तिथे एकच मोजतो: बाजूला व्हायला त्याला वेळ होता का? चेंडू भिंतीला लागून परत येईपर्यंत त्याला सहज चार पावलं टाकता आली असती आणि तरी तो खेळाच्या आड उभा राहिला, तर अडथळा. चेंडू कॅचरच्या पायाशीच पडला आणि सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं, तर नाही. हे सेंटिमीटरमध्ये सांगता येत नाही. तुझ्या डोळ्यांवर सोडलेलं आहे, आणि म्हणूनच तुला तिथे उभं केलंय.

बुंटनंतरची, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच समोर टाकल्यावरची, धडक यात मिसळू नकोस. 1975 च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेची, तिसरी मॅच, सिनसिनाटी, दहावी इनिंग. एड आर्मब्रिस्टरने बुंट केला, चेंडू प्लेटसमोर उडाला, तो पळायला निघाला आणि चेंडू घ्यायला आलेला बॉस्टनचा कॅचर कार्लटन फिस्क त्याच्यावर आदळला. फिस्कचा थ्रो सेंटरफिल्डला गेला. अंपायर लॅरी बार्नेट यांनी इंटरफिअरन्स दिलं नाही, आणि त्याच इनिंगमध्ये सिनसिनाटी 6-5 ने जिंकली. बॉस्टनवाले अजून ते काढतात. पण चेंडूला बॅट लागली की तो नुसता बॅटर राहत नाही, पळायचा त्याला हक्क आहे. कॅचर आपलं काम करतोय, हा आपलं काम करतोय, दोघं एकमेकांवर आपटले तर साधारणपणे काहीच द्यायचं नाही, असं नियमपुस्तकातली टीपही सांगते. कोणी मुद्दाम वाट वाकडी केली तर वेगळं.

रेषांचं एक सांगायचं राहिलं. बॉक्स मोठ्यांचा असतो साधारण 122 बाय 183 सेंटिमीटरचा, प्लेटपासून 15 सेंटिमीटर सोडून. फक्की दुसऱ्या इनिंगपर्यंत टिकत नाही, पोरं स्पाइकने उकरून ठेवतात. इनिंगच्या मध्ये पुन्हा मारून घे, कोणी घाई केली तरी. आणि नाहीच जमलं तर प्लेट कुठे जात नाही. ज्याचं पाऊल प्लेटवर पडलं तो बॉक्सच्या बाहेर आला, त्यासाठी रेष दिसायची गरज नाही.

नजरेची सवय मात्र आजपासून लाव. रनर पळाला की आपले डोळे चेंडूच्या मागे जातात, प्रेक्षकांसारखे. जाऊ देऊ नकोस. चेंडू कॅचरच्या हातातून सुटेपर्यंत बॅटरचे पाय आणि कॅचरचा हात, बस्स. दुसऱ्या बेसवर काय झालं ते बेस अंपायर सांगेल, त्याचा आवाज तुला ऐकू येतो. काल तू एकटीच होतीस हे मला माहीत आहे. एकटी असलीस तरी क्रम तोच, चेंडू सुटला की मग वळ. होम प्लेटपासून दुसरा बेस पूर्ण मैदानावर जवळजवळ 39 मीटर लांब. शाळकरी कॅचरचा थ्रो एक टप्पा खाऊन पोचतो, तेवढा वेळ तुला पुरतो.

कोच आले तर एकेकाला बोलाव, दोघांना एकदम नाही. काय झालं, कोण आऊट, कोण कुठे परत. तीन वाक्यं, आणि त्यात ‘मला वाटतं’ नको. काल तू बॅटरच्या कोचला “तरी मी त्याला खेळू दिलं ना” असं म्हणालीस. ते पुन्हा कधी म्हणू नकोस. आपण कोणाला काही देत नसतो.

त्या पडलेल्या पोराचं तू विचारलंस. रडत होता म्हणालीस. आऊट देताना त्याच्याकडे बघून रागाने हात झटकायचा नाही, तो गुन्हेगार नाही. इनिंग संपली की जाता जाता सांगायचं, “बॅट फिरवताना मागचा पाय रोवून ठेव, पुढे पडणार नाहीस.” ही कोचगिरी झाली, अंपायरने करू नये असं काही जण म्हणतात. मी करतो.

शनिवारी सकाळी सातला नेहरू स्टेडियमच्या बाहेर ये. तुझ्या भावाला बॅट घेऊन आण, तो वीस वेळा स्टील अडवू दे, तू वीस वेळा निर्णय दे. कॅचर मी झालो असतो, पण गुडघे वाकत नाहीत, तेव्हा कोणीतरी कॅचरही आण. आणि फक्कीची पिशवी घेऊन ये, माझ्याकडची संपली आहे.

तुझा,
सर