शब्द पाठ आहेत, मग वाक्य का अडतं?

‘इंग्रजी वाचलं की कळतं, पण बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही. माझ्या डोक्यातच काही कमी आहे का?’ हा प्रश्न घेऊन विद्यार्थी येतात, नोकरदार येतात, मुलांच्या शिक्षकांशी बोलायला बिचकणारे पालकही येतात. त्यांपैकी एका ताईंबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई हिशेबाच्या कामात तरबेज. बढती मिळाली, मीटिंगमध्ये इंग्रजीतून बोलणं भाग पडलं आणि झोप उडाली. पहिल्याच भेटीत त्यांनी एक जाड वही पुढे केली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, पानंच्या पानं. रात्री पाठ केलेलं सकाळी निम्मं विसरायला होई आणि त्या स्वतःलाच बोल लावत: ‘माझी स्मरणशक्तीच कच्ची.’

हा समज आधी दूर करणं गरजेचं होतं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग केले आणि ते १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं आणि अंतर ठेवून उजळणी केली की जास्त टिकतं, हे त्यातून दिसलं. म्हणजे ताईंच्या बाबतीत जे होत होतं ते कुणाच्याही बाबतीत होतं. हे ऐकून त्या जरा सैलावल्या.

मग मी वहीतल्या ‘एक्सप्लेन’ या शब्दावर बोट ठेवलं. ‘त्याने मला अडचण समजावून सांगितली, हे इंग्रजीत सांगा.’

‘ही एक्सप्लेन्ड मी द प्रॉब्लेम.’ आणि लगेच, ‘चुकलं ना?’

शब्द एकूण एक बरोबर होते, जुळणी मराठी होती. तिथे ‘ही एक्सप्लेन्ड द प्रॉब्लेम टू मी’ असं हवं. पण ‘टेल’ घेतलं तर ‘ही टोल्ड मी’, मध्ये ‘टू’ नाही. ‘से’ घेतलं तर पुन्हा ‘ही सेड टू मी’. आपल्याकडे ‘मला’ म्हटलं की तिन्हीकडे भागतं. इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाची रीत वेगळी, आणि वहीत ती कुठेच नव्हती. ‘डिस्कस’चंही तसंच. आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून ओघात ‘डिस्कस अबाउट’ निघून जातं. तिथे ‘अबाउट’ लागत नाही. ‘डिसिजन’ला सहसा ‘मेक’ लागतं. ‘ॲडव्हाइस’चं अनेकवचन होत नाही.

दुसरी अडचण त्यांचं बोलणं ऐकताना कळली. ‘आय यस्टरडे द रिपोर्ट...’ इथपर्यंत येऊन त्या थांबायच्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मनही ते शेवटी शोधतं. शिवाय ‘मी मॅनेजरला बोलावलं’ काय आणि ‘मॅनेजरला मी बोलावलं’ काय, आपला प्रत्यय अर्थ सांभाळतो. इंग्रजीत कर्ता आणि कर्म यांच्या जागा बदलल्या की कुणी कुणाला बोलावलं तेच बदलतं. म्हणून कर्त्यापाठोपाठ क्रियापद उच्चारायची सवय आधी लावली: ‘आय फिनिश्ड’, ‘आय सेंट’, ‘आय चेक्ड’. बाकीचं मागून येतं.

अवघड शब्दांची पानं सध्या बाजूला ठेवायला सांगितली. इंग्रजीचे शिक्षक आणि अभ्यासक मायकल वेस्ट यांनी १९५३ साली रोजच्या वापरातल्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. साध्या इंग्रजी मजकुराचा फार मोठा भाग तेवढ्यात येतो. त्यातली ‘गेट’, ‘टेक’, ‘गिव्ह’, ‘आस्क’ अशी क्रियापदं घेऊन ताईंनी स्वतःच्या दिवसातली वाक्यं लिहिली, मोठ्याने म्हटली; दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा. प्रत्येक वेळी एखादा शब्द बदलून.

भीती मात्र एवढ्याने जात नाही. मी विचारलं, ‘सहकारी चुकीचं इंग्रजी बोलला तर तुम्ही काय करता?’ त्या म्हणाल्या, ‘लक्षही जात नाही, काम कळलं की झालं.’ आणि थोड्या वेळाने आपणहून हसल्या. अडलं तर हाताशी असावीत म्हणून दोन वाक्यं पक्की केली: ‘कुड यू से दॅट अगेन?’ आणि ‘व्हॉट आय मीन इज...’. वेळ मिळतो, गप्प बसावं लागत नाही. चारचौघांत मराठी बोलतानाही छातीत धडधडत असेल, तर मात्र प्रश्न इंग्रजीचा नाही. त्यावर स्वतंत्रपणे काम करावं लागतं.

ताई आजही चुकतात, पण बोलतात. मागच्या भेटीत भीतीचा विषयच निघाला नाही. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, ‘रिमाइंड मी बरोबर आहे, मग सजेस्ट मी का नाही?’ आमचा सगळा वेळ त्यातच गेला.